लिंबूपाणी

तिने हँडल शेवटपर्यंत पिळले तशी मोटार किंचाळली, पण होडी पुढे सरकली नाही. उलट ओहोटीचे पाणी तिला हळूहळू मागे, खाडीच्या तोंडाकडे ओढू लागले.

होडीत तिच्याशिवाय दोघेच होते. पुढच्या फळीवर दवाखान्यातली सिस्टर, लसींचा निळा डबा मांडीवर घट्ट धरून बसलेली. मधल्या फळीवर टेलरमामा, शाळेच्या गणवेशांच्या गठ्ठ्याला टेकलेले. बुडू नये म्हणून दिलेले जाकीट मामांनी नेहमीप्रमाणे बुडाखाली घेतले होते.

"वहिनी, आवाज तर विमानाचा येतोय," मामा म्हणाले. "उडायचा बेत आहे की काय?"

एरवी ती हसली असती. मामांना घेऊन खाडी ओलांडायची म्हणजे फुकटचा तमाशाच असायचा. आज तिचे लक्ष दुसरीकडे होते. पलीकडच्या काठावर एक पडकी भिंत होती, तिच्यावर तिची नजर होती. मघाशी ती भिंत होडीच्या नाकासमोर होती. आता बाजूला गेली होती.

तिने हँडल सोडले, पुन्हा पिळले. मोटारीचा आवाज चढत चढत पातळ झाला, एखादे माणूस ओरडता ओरडता घसा फुटावा तसा. होडी नुसती थरथरली. तळाशी साचलेल्या पाण्यावर बारीक सुरकुत्या उठल्या.

मग तिने मोटार बंद केली. तेव्हा कुठे तो दुसरा आवाज ऐकू आला.

खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली होती. ओहोटीचे पाणी बाहेर धावायचे, समुद्राची लाट आत यायची, आणि दोन्ही त्या वाळूवर एकमेकांना भिडायची. उन्हातसुद्धा तिथे पांढरी भिंत उभी राहायची आणि कोसळायची. होडी चालवायला शिकवताना सासऱ्यांनी तिला पहिल्याच दिवशी लांबून ती जागा दाखवली होती. म्हणाले होते, "तिथं होडी जाते ना, ती फळ्या होऊन परत येते." तेव्हा त्यांना बोलता येत होते.

सिस्टरनेही तो आवाज ऐकला. तिने डबा खाली ठेवला आणि फोन काढला.

"कुणाला बोलवायचं?"

धक्क्यावर मोटारीची दुसरी होडी नव्हती. मोटारी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीची होती, पण ती गेला महिनाभर उलटी टाकलेली, डांबर लावायला. सिस्टरने तरी दवाखान्यात फोन लावला आणि शांतपणे, जणू उशीर होईल एवढेच सांगावे तसे, सगळे सांगितले. तिच्या कानशिलावरून घाम मात्र ओघळत होता.

वहिनीने नांगर टाकला. दोर सरसर गेला, ताठ झाला, होडी क्षणभर अडखळली. मामा "वा" म्हणाले. पण तळाला गुळगुळीत खडक होता. नांगर खरवडत निघाला. त्याची ती खरखर दोरातून तिच्या तळहातापर्यंत आली. तिने दोर खुंटीला बांधला. काही नसण्यापेक्षा बरे.

"मामा, वल्हं घ्या. आणि ते जाकीट अंगात घाला."

"मला पोहता येतं."

"मला ठाऊक आहे. घाला."

मामांनी तिच्या तोंडाकडे पाहिले आणि निमूटपणे जाकीट घातले.

तिने मोटार मागून वर उचलली आणि अंग बाहेर काढून पंख्याकडे पाहिले. शेवाळ गुंडाळलेले नव्हते. प्लास्टिकची पिशवी नव्हती. तिन्ही पाती जागच्या जागी, एकही दुमडलेले नाही. गियरमध्ये टाकून तिने हाताने पंखा फिरवून पाहिला; तो फिरला नाही, म्हणजे पकड होती. हँडलची तार अडकत नव्हती. मोटार जागेवरून सरकून वर आलेली नव्हती, म्हणजे पंखा हवाही खात नव्हता.

गेले काही दिवस हेच चालले होते. मोटार मध्येच भलतीच जोरात ओरडायची, होडी तेवढ्यापुरती मरगळायची, मग पुन्हा सुरळीत. मिस्त्रीने तीनदा मोटार काढून नेली. कार्बोरेटर धुतला, प्लग बदलला, पत्र्याच्या पिंपात पाणी भरून त्यात मोटार चालवून दाखवली. पिंपात ती शहाण्या मुलासारखी गुरगुरायची. "मोटार ठणठणीत आहे वहिनी," मिस्त्री म्हणायचा. "तुमच्या मनातच काहीतरी घुसलंय." मिस्त्री वाईट नव्हता. पिंपातल्या मोटारीला कुठे जायचे नसते, एवढेच त्याच्या लक्षात आले नव्हते. तिच्याही आले नव्हते.

दुखणे सापडले की निम्मी भीती जाते. इथे दुखणेच सापडत नव्हते. सगळे जिथल्या तिथे होते, आणि होडी चालली होती त्या पांढऱ्या भिंतीकडे.

तिने दोरी ओढून मोटार सुरू केली. पहिल्या झटक्यातच सुरू झाली. तेही ठणठणीतच. गियर टाकला तशी होडी पुढे निघाली, खरेच निघाली, आणि तिच्या छातीतून श्वास सुटला. तिने घाईघाईने हँडल पिळले. मोटार किंचाळली. होडी थांबली.

ती मागच्या फळीवर बसली. तोंडात थुंकी उरली नव्हती. जीभ टाळूला चिकटली. ती या होडीवर बसली तेव्हा धक्क्यावरच्या लोकांनी काय काय म्हटले होते ते आता आठवायचे कारण नव्हते, तरी आठवले. नवरा दूर जहाजावर, वर्षातून एकदा यायचा. सासऱ्यांना झटका आला, उजवे अंग गेले, वाचा गेली. होडी काठाला पडून राहिली असती. तिने हँडल हातात घेतले तेव्हा लोक म्हणाले, बघू किती दिवस. सुरुवातीला ती जपून चालवायची, गोगलगाय परवडली अशी. मग हात बसला. मग ती सुसाट नेऊ लागली आणि तेच लोक म्हणू लागले, सासऱ्यापेक्षा सून बरी. म्हातारा शेवटी शेवटी फारच भित्रा झाला होता म्हणे. होडी अशी चालवायचा की मधेच उतरून चालत जावे. ती हे ऐकून घ्यायची. मनातून तिला बरे वाटायचे.

"वहिनी," सिस्टर म्हणाली. "आवाज वाढलाय."

मोटारीचा नव्हे. तो दुसरा.

मामा वल्हे मारत होते. माणूस शिलाई यंत्रावर बसणारा, हात सुईदोऱ्याचे. पण मारत होते. वल्ह्याचे पाते पाण्यात नीट उभे धरायचे आणि मागे रेटायचे, एवढेच. पण त्यांचे हात भिजलेले, दांडा गुळगुळीत. त्यांनी जोर लावला की दांडा त्यांच्या मुठीतल्या मुठीत गिरकी घ्यायचा आणि पाते पाण्यात आडवे पडायचे. जितका जोर, तितका दांडा निसटायचा.

"धरतच नाही हो," मामा कळवळून म्हणाले. "मूठ एकीकडे, वल्हं एकीकडे."

ती पाहत राहिली. ओली मूठ, आत फिरणारा दांडा.

आणि तिला घरची खाट दिसली.

सासरे खिडकीशी खाटेवर असायचे. ती तेलाची टाकी उचलून निघाली की ते धडपडू लागायचे. डाव्या हाताने आपला लुळा उजवा हात उचलून मांडीवर ठेवायचे, त्याचा तळवा वाटीसारखा करायचे. मग डाव्या हाताची मूठ त्या वाटीत घालून गरागरा फिरवायचे. पुन्हा पुन्हा. तोंडातून नुसता घुसमटलेला आवाज. अक्षरओळख त्यांना नव्हतीच, पाटी-पेन्सिल देऊन काही उपयोग झाला नव्हता.

पहिल्या दिवशी सासूबाईंनी क्षणभर निरखून पाहिले आणि म्हणाल्या, "लिंबू पिळायचं म्हणताहेत. लिंबूपाणी हवंय त्यांना." चाळीस वर्षांचा संसार, त्यांना कळणार नाही तर कुणाला? त्यांनी लिंबूपाणी केले. सासरे ते एकदा प्यायले, एकदा थुंकले, एकदा त्यांनी पेलाच उडवून दिला. "साखर कमी पडली वाटतं," सासूबाई म्हणाल्या. त्या दिवसापासून साखर वाढली. रोज, ती टाकी उचलून निघाली की घरात लिंबू कापले जायचे. घरातली ती एक गंमतच होऊन बसली होती. तिने नवऱ्यालाही फोनवर सांगितली होती. तोही हसला होता.

वाटीत मूठ. मूठ फिरते, वाटी फिरत नाही.

तिने मागे वळून मोटारीकडे पाहिले. पंख्याच्या मधोमध एक भोक, भोकात दांडा. दांडा आणि पंखा यांच्यामध्ये काय असते हे तिने कधी उघडून पाहिले नव्हते. पण काही तरी असते, जे धरून ठेवते. हाताने फिरवले तर धरते. हळू चालवले तर धरते. जोर लावला की सोडून देते.

म्हातारा भित्रा झाला नव्हता.

"मामा, वल्हं आत घ्या," ती म्हणाली. "आणि आता काही झालं तरी कुणी मला जोरात घ्या म्हणू नका."

तिने मोटार सुरू केली आणि हँडल जेमतेम पिळले. मोटार गुरगुरली, पिंपात गुरगुरायची तशीच. होडी निघाली. इतकी हळू, की निघाली आहे हे फक्त नांगराचा दोर सैल पडला त्यावरून कळले. सिस्टरने सांगण्याची वाट न पाहता नांगर ओढून घेतला.

धक्क्याकडे जाणे शक्य नव्हते. पाण्याला तोंड देण्याइतका जोर या चालीत नव्हता. म्हणून तिने नाक तिरके केले, डावीकडच्या काळ्या खडकांकडे. तिथे काठाशी पाणी मंद असते. आडवे जायचे, पाणी मागे नेईल तेवढे नेऊ द्यायचे, आणि पांढऱ्या भिंतीच्या आधी त्या खडकांच्या आड शिरायचे. जमले तर जमले.

सांगायला सोपे आहे. पण भीतीचा जोर सगळा हातात उतरतो. मागे पाणी गरजत असताना, शिंतोडे मानेवर येत असताना, हात आपोआप पिळायला बघतो. एकदा तो पिळलाच. मोटारीचा आवाज लगेच पातळ झाला आणि होडी ढिली पडली. तिने हँडल सोडले, थांबली, पुन्हा हळू घेतले. पकडीला जरा वेळ लागला. त्या जरा वेळात होडी केवढी मागे गेली ते तिने पाहिले नाही. मग तिने डाव्या हाताने आपलेच उजवे मनगट करकचून धरले, चोराचे धरावे तसे.

मामांचे डोळे तिच्या खांद्यावरून मागे लागलेले होते. त्यांच्या चेहऱ्यावरून तिला लाटांचे अंतर कळत होते, म्हणून तिने त्यांच्याकडे बघणे सोडून दिले.

"जरा जोरात—" मामांच्या तोंडून निघालेच.

"मामा."

मामांनी गणवेशाच्या गठ्ठ्यावर तोंड टेकवले.

होडी सरकत होती. खडक मोठे होत होते की मागे पळत होते, कळत नव्हते. एक लाट मागून आली, होडीचा मागचा भाग उचलला गेला, पंखा क्षणभर पाण्याबाहेर आला आणि मोटार ओरडली. तिने डोळे मिटून हँडल सोडले. पंखा पाण्यात गेला. तिने पुन्हा जेमतेम पिळले. धरले. जेमतेम, पण धरले.

मग एकाएकी पाण्याची ओढ सुटली. तिला आधी ते कळलेच नाही. सिस्टर उठून उभी राहिली, दोर हातात घेऊन, आणि चपला टाकून तिने कमरभर पाण्यात उडी घेतली. खडकाच्या सुळक्याला दोर गुंडाळताना तिचे हात सराईतासारखे चालले. मग काम संपल्यावर ती तिथेच खडकाला धरून ओकली.

मामांनी लसींचा डबा डोक्यावर घेतला आणि उतरता उतरता म्हणाले, "विमान उतरलं एकदाचं." पण कुणी हसले नाही, तेही नाही.

पाणी फिरून भरती लागेपर्यंत ते तिघे खडकावर बसून राहिले. मग भरतीच्याच पाठीवर बसून, पायी चालणाऱ्याच्या चालीने, तिने होडी धक्क्याला आणली.

घरी ती ओल्या साडीनेच आत गेली. सासूबाईंच्या कानावर अर्धवट बातमी आधीच आली होती. त्या काही विचारणार तोच ती खाटेपाशी खाली बसली. सासरे तिच्याकडे टक लावून पाहत होते. तिने त्यांचा लुळा हात उचलला, मांडीवर उताणा ठेवला, बोटे वळवून वाटी केली. मग आपली मूठ तिच्यात घालून फिरवली.

"हे सुटतं ना बाबा? जोर दिला की?"

सासरे हलले नाहीत. त्यांची हनुवटी तेवढी थरथरू लागली. सासूबाई दारात उभ्या होत्या, हातात सवयीने केलेला पेला. त्यांनी एकदा नवऱ्याच्या हाताकडे पाहिले, एकदा सुनेच्या, आणि पेला स्टुलावर ठेवला, आवाज होणार नाही असा.

मग सासऱ्यांनी डाव्या हाताचे एक बोट लांबवले आणि तो पेला तिच्याकडे सरकवला. ती तो सगळा प्याली. साखर फार होती.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने पंखा उतरवला. पंख्याचे भोक आणि दांडा यांच्यामध्ये रबराचे जाड कडे असते, ते त्याने तिला दाखवले. पाते खडकावर आपटले तर रबराने सुटावे आणि वरची यंत्रे वाचावीत म्हणून. रबर झिजून काचेसारखे गुळगुळीत झाले होते. मिस्त्रीने ते अंगठ्याने चोळून पाहिले आणि पंखा तिच्या हातात दिला. पंख्याच्या तोंडावर, रबरावरून आडवी गेलेली, लाल रंगाची एक रेघ होती, मधेच तुटून दोन तुकडे सरकलेली. बाजूला पांढऱ्या रंगाची आणखी एक, तीही तुटलेली. रबर सरकते आहे का ते पाहायला काढलेली खूण. मिस्त्रीने ती ओढली नव्हती, तिनेही नाही.

नवा पंखा बसला. मोटार ओरडेनाशी झाली. ती आता पूर्वीइतकी सुसाट नेत नसे, आणि लोक काही म्हणालेच तर मामा परस्पर त्यांची हजामत करत. घरात सासऱ्यांचा तो चाळा थांबला. ती टाकी उचलून निघाली की ते खिडकीतून बाहेर पाहत शांत पडून राहायचे. सासूबाईंनी लिंबे आणणे बंद केले. कधी नव्हे ते घर निवांत झाले.

मग एका सकाळी तिने टाकी उचलली आणि खाट करकरली.

सासरे धडपडत होते. त्यांनी लुळा हात मांडीवर घेतला. पण तळवा वर केला नाही. हात पालथा ठेवला. डाव्या हाताचा अंगठा मनगटाच्या जरा वर, एकाच जागी टेकवला आणि दाबला. अंगठा उचलून डोळ्यांजवळ नेला, ओल लागली का बघावे तसा पाहिला. पुन्हा तिथेच दाबला. पुन्हा पाहिला. मग तिच्याकडे पाहिले.

"हाताला मुंग्या आल्यात वाटतं," सासूबाई आतून म्हणाल्या आणि फळीवरच्या तेलाच्या बाटलीकडे हात नेला. मग त्यांचा हात तसाच हवेत थांबला.

धक्क्यावरून मामांची शिट्टी आली. लोक जमले होते.

तिच्या तोंडातली थुंकी सुकली. जीभ टाळूला चिकटली, त्या दिवशीसारखी. तिने टाकी जमिनीवर ठेवली, खाटेपाशी बसली आणि आपला हात त्यांच्या हाताशेजारी, तसाच पालथा, ठेवला.

"सावकाश, बाबा," ती म्हणाली. "पहिल्यापासून दाखवा."

बाहेर पुन्हा शिट्टी वाजली. ती उठली नाही.